कुंपण आधी, अनुदान नंतर

‘शेततळ्यात बुडून भावंडांचा मृत्यू’ ही बातमी याही वर्षी आली आणि पोलीस ठाण्यात याही वर्षी ‘अकस्मात मृत्यू’ अशीच नोंद झाली. अकस्मात कसला? तळ्याच्या उतारावर प्लास्टिकचा कागद, त्यावर धरलेले शेवाळ. पाय घसरला की धट्ट्याकट्ट्या माणसालाही वर येता येत नाही. धरायला गवताची काडीसुद्धा नसते. धाकटा घसरतो, बहीण हात द्यायला वाकते आणि तीही आत जाते. म्हणून काठावर चपलांचे दोन-दोन जोड सापडतात. हे साऱ्या गावाला ठाऊक असते. ठाऊक असलेले मरण अकस्मात नसते.

‘मागेल त्याला शेततळे’ योजना 2016 मध्ये आली. दुष्काळी पट्ट्यातल्या द्राक्ष-डाळिंबांना या पाण्याने जगवले, हे खरेच. पण तळ्याची लांबी, रुंदी, खोली मीटरमध्ये मोजून अनुदान देणाऱ्या यंत्रणेला काठावरचे कुंपण तेवढे दिसत नाही? तारेची जाळी, कुलपाचे फाटक आणि तळापर्यंत सोडलेला गाठींचा दोर. एवढ्यावर लेकरू वाचते.

आईबापांच्या दुर्लक्षाकडे बोट दाखवणे सर्वांत सोपे. माय खुरपायला आणि बाप फवारणीला गेल्यावर तीन वर्षांच्या पोराला कोणी सांभाळायचे? अंगणवाडी दुपारी सुटते, रानातले काम दिवस मावळेपर्यंत चालते. बांगलादेशाने हे ओळखले. लहानग्यांना सांभाळणाऱ्या 8,000 केंद्रांना तेथील सरकारने 2022 मध्ये मंजुरी दिली. आपण काय केले? गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत मदतीसाठी वय 10 ते 75 लागते. त्याखालचे लेकरू मेल्यावरही हिशेबात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगात 3 लाख माणसे बुडून मेली. त्यांतला जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालची मुले होती. वीटभट्टीचे खड्डे, अर्धवट बांधकामांचे पाणी साचलेले पाये, घरापुढचे उघडे हौद, सगळीकडे हीच बेफिकिरी आहे.

कुंपण आणि दोर जागेवर पाहिल्याशिवाय अनुदानाचा एक रुपयाही सुटता कामा नये. जुन्या तळ्यांना सरकारने स्वतःच्या खर्चाने, शाळांना सुट्ट्या लागण्याआधी कुंपण घालावे. पाणी मोजून झाले. आता काठ राखा.