कंपनी म्हणजे नक्की कोण, हे गावानं विचारायला हवं



कंपनी जमीन मागायला आली की आपण एकरी दर विचारतो, घरटी नोकरीचं विचारतो, पाण्याचं विचारतो. पण ही कंपनी म्हणजे नक्की कोण, हे फार कमी गावांत विचारलं जातं. माझं मत असं की हा प्रश्न सगळ्यात आधी हवा. गेल्या सव्वाशे वर्षांत कोर्टांनी कंपनीची जी ओळख ठरवून ठेवली आहे, तिच्या आडून जमीन एका हातातून दुसऱ्या हातात जाते आणि गावाला पत्ता लागत नाही.

सुरुवात लंडनची आहे. सॉलोमन नावाचा बूट बनवणारा व्यापारी होता. १८९२ साली त्यानं आपला चालता धंदा एका कंपनीला विकला. कंपनीत माणसं सात. तो स्वतः, बायको आणि पाच मुलं. एकूण २०,००७ शेअरपैकी २०,००१ त्याचेच, घरच्यांचा एकेक. कंपनी बुडाली. ज्यांचे पैसे अडकले ते म्हणाले, कंपनी म्हणजे हाच माणूस, याच्याकडून वसूल करा. तिथल्या सर्वात वरच्या कोर्टानं १८९६ साली सांगितलं, नाही. कंपनी ही कायद्यानं वेगळी व्यक्ती, सॉलोमन वेगळा. कंपनीचं देणं हे सॉलोमनचं देणं नव्हे.

हाच विचार आपल्याकडे आला. मुंबईच्या एका बाईंकडे चहाच्या कंपन्यांचे शेअर होते. त्या म्हणाल्या, कंपनीचं उत्पन्न बरंचसं शेतीचं, म्हणून माझ्या वाट्यालाही शेतीच्या उत्पन्नाची सूट द्या. सुप्रीम कोर्टानं १९५४ साली ते नाकारलं. शेअर घेतला म्हणून माणूस कंपनीच्या मळ्याचा मालक होत नाही, मळा कंपनीचा, असं कोर्ट म्हणालं. हे बच्चा गुझदर प्रकरण.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याला चहाच्या मळ्याशी काय करायचंय? तर बघा. आपल्यात बाप गेला की तलाठ्याकडे जाऊन वारस लावावे लागतात. जमीन विकली तर फेरफार होतो, नोटीस निघते, हरकत घेता येते. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला द्यायची तर कलेक्टरची परवानगी लागते. कंपनीचं तसं नाही. कंपनी मरत नाही. तिचे शेअर मुंबईत नाहीतर लंडनमध्ये विकले जातात, मालक पार बदलतो, पण सातबाऱ्यावर नाव तेच राहतं. ना फेरफार, ना नोटीस, ना हरकत.

असं घडलेलं आहे. छत्तीसगडात कोरब्याला बाल्को हा सरकारी ॲल्युमिनियम कारखाना होता. सरकारनं २००१ साली त्याचे ५१ टक्के शेअर स्टरलाइट या खासगी कंपनीला विकले. कारखान्याखालची जमीन आदिवासी भागातली. मग ती बिगरआदिवासी खासगी मालकाकडे गेली ना, असा मुद्दा सुप्रीम कोर्टापुढे आला. कोर्टाचं उत्तर असं : शेअर आणि कारभारी बदलले म्हणून जमीन एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे गेली असं होत नाही. कंपनी तीच, जमीन तिचीच. कायद्याच्या पुस्तकात हे बरोबर असेल. पण सरकारी कारखान्यासाठी दिलेली जमीन खासगी मालकाच्या कब्जात गेली, हे कोरब्याच्या शेंबड्या पोरालाही दिसत होतं.

याच्या चारच वर्षं आधी, १९९७ साली, त्याच सुप्रीम कोर्टानं समता निकाल दिला होता. आंध्रात विशाखापट्टणम जिल्ह्यातल्या बोर्रा भागात सरकारनं खाणीचे पट्टे खासगी कंपन्यांना दिले होते. तिथला कायदा सांगत होता की अनुसूचित भागातली जमीन बिगरआदिवासी ‘व्यक्ती’ला देता येत नाही. कोर्टानं त्या शब्दाचा अर्थ मोकळेपणानं लावला. सरकार हीसुद्धा व्यक्ती, तेव्हा सरकारलाही आपल्या ताब्यातली जमीन अशी देता येणार नाही. आणि आदिवासी नसलेल्यांची खासगी कंपनी ही बिगरआदिवासीच. म्हणजे ‘कंपनी ही व्यक्ती आहे’ हे जे वाक्य कंपन्यांच्या उपयोगी पडत आलं, तेच एकदा आपल्या उपयोगी पडलं. व्यक्ती आहेस ना, मग व्यक्तीवरची बंधनंही पाळ. बाल्कोच्या निकालात मात्र कोर्टानं समता निकालाबद्दल शंका बोलून दाखवली, आणि तिथला जमीन कायदा आंध्रसारखा नाही म्हणून तो लागू केला नाही.

कंपनी आणि मालक वेगळे हे कोर्ट नेहमीच धरून बसतं असंही नाही. भावनगरच्या एका रबर कंपनीनं आपले काही शेअर स्वतःच काढलेल्या दुसऱ्या कंपनीच्या नावावर केले. कागदावर नफा घटला आणि कामगारांचा बोनस १६ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला. कामगार कोर्टात गेले. १९८५ साली सुप्रीम कोर्टानं दोन्ही कंपन्यांमधला पडदा बाजूला केला आणि म्हटलं, ही दुसरी कंपनी फक्त बोनस बुडवायला काढली आहे. कर चुकवला तरी कोर्ट पडदा उचलतं. मग जमिनीसाठी का उचलू नये? हीच माझी मागणी आहे.

नियमगिरीत तर कोर्टानं स्वतःच नाव बदलण्याची वाट दाखवली. २००७ साली कोर्टानं वेदांत कंपनीला परवानगी नाकारली. नॉर्वे सरकारच्या फंडानं तिच्या कारभारावर ठपका ठेवला होता. पण त्याच आदेशात सांगितलं की त्याच समूहातली स्टरलाइट अटी मान्य करून पुढे येऊ शकते. २००८ साली सुमारे ६६० हेक्टर जंगलाला मंजुरी मिळाली. दार एकच, फक्त पाटी बदलली. हे अडलं ते गावांमुळे. १८ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टानं निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि डोंगरिया कोंधांच्या भागातल्या बाराच्या बारा ग्रामसभांनी नाही म्हटलं. कंपनीचं नाव कुठलंही असो, डोंगर देणार नाही, हे त्यांनी ठरवलं होतं.

याच समूहाची एक गोष्ट आफ्रिकेतली. झांबियात तांब्याच्या खाणीच्या घाण पाण्यानं नदी आणि शेतं बिघडली, अशी १,८२६ गावकऱ्यांची तक्रार होती. त्यांनी खाणीच्या कंपनीबरोबर लंडनमधल्या मुख्य कंपनीवरही दावा लावला. मुख्य कंपनी म्हणाली, खाण चालवणारी कंपनी वेगळी, आमचा संबंध नाही. २०१९ साली इंग्लंडच्या सुप्रीम कोर्टानं दावा तिथे चालू शकतो असं ठरवलं. आधार कसला घेतला? मुख्य कंपनीनं स्वतः छापलेले अहवाल. खाणींवर आमची देखरेख आहे, असं त्यांत लिहिलेलं होतं. पुढे २०२१ साली कंपनीनं चूक कबूल न करता तडजोड केली.

यातून आपण काय घ्यायचं? कंपनीचा माणूस गावात जे पत्रक वाटतो ते चुलीत घालू नका. तारीख टाकून वनहक्क समितीच्या फायलीत लावा. तो सभेत जे बोलतो ते इतिवृत्तात नावासकट लिहा.

आणि ग्रामसभेच्या ठरावात दोन ओळी घाला. एक : अर्ज करणाऱ्या कंपनीमागे कोणाची मालकी आहे, तिची मुख्य कंपनी कुठली, हे लेखी मिळाल्याशिवाय विषय चर्चेला घेणार नाही. दोन : कंपनीची मालकी किंवा ताबा बदलला तर तो नवा अर्जदार समजला जाईल, आधी दिलेली संमती संपेल आणि पुन्हा ग्रामसभेपुढे यावं लागेल.

असा ठराव कोर्टात टिकेलच असं मी म्हणत नाही. सरकारी वकील सॉलोमन काढेल, बाल्को काढेल. पण कायदा घडतो तो कुणीतरी प्रश्न धरून ठेवला म्हणूनच. भावनगरच्या कामगारांनी बोनससाठी धरला, झांबियाच्या गावांनी नदीसाठी धरला. आपला सवाल जमिनीचा आहे. येत्या ग्रामसभेत या दोन ओळी वाचून दाखवा, त्यावर बोला, आणि पटलं तर हात वर करा.

जिंदाबाद!