द्राक्षाच्या 'पेस्ट'ने हात भाजले तर नेमकं काय करायचं?

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ किंवा साताऱ्याच्या खटाव-माण भागात ऑक्टोबरची फळछाटणी झाली की काड्यांच्या डोळ्यांना 'पेस्ट' लावायचं काम सुरू होतं. ही पेस्ट म्हणजे हायड्रोजन सायनामाइड. आपल्याकडे पुरेशी थंडी नसल्याने डोळे मागेपुढे फुटतात, ते एकसारखे फुटावेत म्हणून ते लावतात. निर्यातीचं गणित त्यावर चालतं, त्यामुळे 'वापरू नका' हा सल्ला कुणी ऐकणार नाही.

अडचण लावण्याच्या पद्धतीत आहे. स्पंज किंवा कापडाचा बोळा बुडवून मजूर एकेक काडी हाताने पुसतात. बाटलीतलं द्रावण साधारण 50 टक्के तीव्रतेचं असतं. ते कातडीला लागलं की लाली, आग, फोड आणि कधी खोल जखमही होते.

पहिल्या महायुद्धात 1917 मध्ये वापरलेला मस्टर्ड वायू याहून कितीतरी भयंकर, रसायनही वेगळं. पण त्यातून शिकलेली एक गोष्ट इथेही लागू पडते: फोड दिसायला वेळ लागतो, इजा मात्र आधीच सुरू झालेली असते. दोन्हींवर उतारा नाही. म्हणून खरा उपचार दवाखान्यात नव्हे, बांधावर सुरू होतो.

भिजलेले कपडे, अंगठी, बांगड्या लगेच काढायच्या आणि वाहत्या पाण्याखाली किमान 15 ते 20 मिनिटं हात धरायचा. बादलीत बुडवून ठेवणं पुरेसं नाही. डोळ्यात गेलं असेल तर तसंच डोळे धुवायचे आणि थेट डॉक्टर गाठायचा. हळद, टूथपेस्ट, तूप, चुना काही लावायचं नाही. फोड फोडायचे नाहीत, स्वच्छ कापडाने सैल झाकायचे. डॉक्टरांकडे जाताना बाटलीचं लेबल सोबत न्यायचं, कारण 'औषधाने भाजलं' एवढ्यावरून त्यांना काहीच कळत नाही. पुढचे उपचार भाजलेल्या जखमेसारखेच: ड्रेसिंग, वेदनाशामक, संसर्गावर लक्ष, गरजेनुसार धनुर्वाताचं इंजेक्शन.

आणखी एक गोष्ट बागेत फारशी बोलली जात नाही. हे रसायन शरीरात दारू पचवण्याची प्रक्रिया अडवतं. काम संपवून त्याच संध्याकाळी कुणी प्यायलं तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब पडतो. त्याला 'चढली' समजून झोपवून ठेवणं धोक्याचं आहे.

युरोपीय संघाने 2008 मध्ये या रसायनाला मान्यता नाकारली. आपल्याकडे 1971 च्या कीटकनाशक नियमांत संरक्षक कपडे, वैद्यकीय तपासणी आणि प्रथमोपचाराच्या तरतुदी आहेत. पण टोळीने येणाऱ्या मजुरांना हातमोजे कुणी द्यायचे, बागायतदाराने की मुकादमाने, हे बहुतेक ठिकाणी ठरलेलंच नसतं. यवतमाळमध्ये 2017 साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जीव गेले तेव्हा राज्यभर चर्चा झाली. हातावरच्या फोडांची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. रबराचे जाड हातमोजे, लांब बाह्यांचा सदरा आणि बागेच्या टोकाला पाण्याचा नळ, एवढा खर्च एकरी औषधाच्या बिलात सहज बसतो.