वसंतात निघून जाणारा पक्षी

वसंत म्हटले की मराठी कवितेत कोकिळा गाऊ लागते. गाणारा पक्षी वस्तुतः नर असतो आणि ठिपकेदार मादीचा स्वर तुटक, कर्कश असतो, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. त्यावर रेंगाळत नाही. आमचा आक्षेप निराळा आहे. आपल्या काव्यातला वसंत केवळ आगमनाचा ऋतू आहे. त्याच दिवसांत इथून जे निघून जातात, त्यांची नोंद त्यात नाही.

वागळे इस्टेटच्या एका अंगाला येऊरचे डोंगर, दुसऱ्या अंगाला शहर ओलांडले की खाडी. या खाडीकाठी, भांडुप पंपिंग स्टेशनच्या परिसरातील गवत-लव्हाळ्यांत, हिवाळ्यात ब्लूथ्रोट नावाचा चिमणीएवढा पक्षी दिसतो. गळ्यावरच्या निळ्या रंगामुळे असावे, मराठीत त्याला शंकर असेही नाव आहे. इथे तो जवळजवळ मुका असतो. झुडपाच्या बुंध्याशी किडे टिपतो, चाहूल लागताच आत शिरतो. चैत्राच्या सुमारास तो दिसेनासा होतो.

या जातीची वीण हिमालयापलीकडच्या प्रदेशापासून थेट आर्क्टिक टुंड्रापर्यंत होते. आपल्याकडचा प्रत्येक शंकर टुंड्राचाच असे नाही. पण टुंड्रातले चित्र पाहण्याजोगे आहे. बर्फ पुरते वितळलेले नसतानाच नर येऊन पोहोचतात, मागून माद्या. खुरट्या विलोच्या शेंड्यावरून, कधी हवेत उसळी घेत, नर गातो. इतर पक्ष्यांच्या आवाजांची नक्कलही गाण्यात गुंफतो. घरटे जमिनीवर, झुडपाआड लपवलेले. जूनमध्ये तिथे सूर्य मावळत नाही, कीटकांचा सुकाळ होतो, आणि तेवढ्या अवधीत पिल्ले वाढवायची असतात. आपल्याला मुका वाटलेला हा पक्षी तिथला नामांकित गवई आहे!

विणीचा काळ ठरवण्यात पिल्लांच्या अन्नाचा वाटा मोठा असतो, काव्यसंकेताचा नसतो. येऊरच्या पायथ्याच्या वस्तीत दयाळ उन्हाळ्यात पहाटे तारेवर बसून गातो, भिंतीच्या भोकातही घरटे करतो. सुगरण मात्र पावसाळा धरते. तेव्हा घरट्याला हिरवे पाते मिळते आणि पिल्लांना किडे. सलीम अलींनी १९३० साली किहीमला सुगरणींचे निरीक्षण केले. नर घरटे अर्धे विणतो, मादी ते पारखते, पसंत पडल्यास आत येते. नर मग दुसरे विणायला घेतो. बहिणाबाईंच्या कवितेतली सुगरण माउली आहे. वर्गात हे दोन्ही शेजारी ठेवल्याने कविता उणी होत नाही, असा आमचा अनुभव आहे. उलट, बहिणाबाईंना त्या खोप्यात आईच का दिसली, हा खरा वाङ्मयीन प्रश्न तिथे सुरू होतो.

दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) आपण ललितगद्य म्हणून शिकवतो, शैलीची वैशिष्ट्ये लिहून देतो आणि पुढे जातो. त्या पुस्तकामागे महिनोन्‌महिने झाडांकडे पाहणे होते, हे उत्तरपत्रिकेत कुठेच उमटत नाही. विरहाची एवढी समृद्ध परंपरा असलेल्या भाषेला, वसंतातच ज्याला निघावे लागते असा पक्षी सुचू नये, याचे आम्हांला नवल वाटते. विरहिणी त्याला निरोपाचे दोन शब्द तरी सांगती. पण खाडीकाठचे गवत रिकामे झाले, हे कळायला आधी तो तिथे होता हे माहीत असावे लागते.