मॅप लावा, पण फोन हातात नको

सूस (ता. मुळशी) : सूस २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेलं. सोसायट्या उभ्या राहिल्या, पत्ते बदलले. पार्सलवाला असो की लग्नाला आलेला पाहुणा, गाडीवर बसला की आधी मॅप लावतो. मग फोन दिसला की दंड, हे खरं का?

अर्धंच खरं आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्राच्या नियमानुसार फोन फक्त रस्ता पाहायला वापरता येतो, तोही गाडीवरचं लक्ष न ढळता. एका हातात हँडल, दुसऱ्यात फोन, हे मात्र धोकादायक चालवणं ठरतं. पहिल्या वेळी कायद्यात १ ते ५ हजार दंड किंवा ६ महिने ते १ वर्ष कैद आहे.

दंडापेक्षा जीव मोठा. ताशी ४० च्या वेगात तीन सेकंद स्क्रीनकडे पाहिलं तर गाडी ३३ मीटर आंधळी पळते. तेवढ्यात खड्डा येतो, कुत्रं आडवं जातं.

मॅपलाही सगळं कळत नाही. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात पिंपळगाव खांड धरणाजवळ पूल पाण्याखाली होता. मॅप बघत निघालेली पुण्याची कार रात्री थेट पाण्यात गेली, एकाचा जीव गेला.

म्हणून निघण्याआधीच ठिकाण टाकावं, फोन होल्डरला घट्ट बसवावा, आवाज मोठा ठेवावा. चुकलं तर गाडी बाजूला घ्यावी. आणि पावसाळ्यात ओढ्यापाशी मॅपपेक्षा गावातल्या माणसाला विचारावं.