अमेरिका नाही तर कॅनडा?

घाटीतून एम.बी.बी.एस. होऊन आलेली आपल्या भागातली मुले विचारतात, "सर, अमेरिका नाही जमली तर कॅनडा?" पालकांनाही दोन्ही देश सारखेच वाटतात. तसे नाही. अमेरिकेत यू.एस.एम.एल.ई. परीक्षा देऊन परदेशी नागरिकालाही रेसिडेन्सीसाठी अर्ज करता येतो. जागांचा निकाल मार्चमध्ये लागतो. कॅनडात बहुतेक जागांसाठी तिथले नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना आधीच लागतो. परीक्षाही वेगळ्या. तेव्हा क्लासचे पैसे भरण्याआधी एवढे पाहून घ्या.

आणखी एक. अमेरिकेत जे-१ व्हिसावर शिकलेल्या डॉक्टरला नंतर दोन वर्षे मायदेशी परतावे लागते. यातून सूट हवी, तर डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे नोकरी, ही वाट १९९४ च्या कायद्याने काढली. आज प्रत्येक राज्य वर्षाला ३० डॉक्टरांसाठी अशी शिफारस करू शकते. म्हणजे तिकडचे खेडे चालते! इथे एका वर्षाची बंधपत्रित सेवा टाळायला १० लाख भरायची तयारी असते.

परदेशी जायला माझा विरोध नाही. पण ते वर्ष सोयगाव-सिल्लोडकडे काढाच. सर्पदंश, विंचू, अडलेले बाळंतपण यांत हात तयार होतो. परीक्षेचा अभ्यास रात्री क्वार्टरवरही होतो.