स्वस्त म्हणून मिळालेले काम हा हक्क नव्हे



नागपूरच्या सीताबर्डीवर व्हरायटी चौकातून मुंजे चौकाकडे चालू लागा आणि वरच्या मजल्यांवरील पाट्या वाचा. कोणी संगणक शिकवितो, कोणी इंग्रजी बोलावयास शिकवितो, कोणी मुलाखतीची तयारी करून देतो. आश्वासन मात्र सर्वांचे एकच आहे: अमेरिकेचे काम भारतात आले आहे, ते तुमच्या मुलाला मिळेल. या आश्वासनावर विसंबून आपल्यातील कित्येक मातांनी अंगावरचे डाग मोडले आहेत व कित्येक पित्यांनी बँकेचे कर्ज डोक्यावर घेतले आहे. मुलांना शिकविले हे उत्तमच झाले. परंतु जे काम आपल्या दारी आले ते का आले, कोणत्या अटीवर आले आणि उद्या ते निघून गेले तर आपल्या हाती काय उरेल, याचा विचार त्या पाट्या लावणारे करणार नाहीत. तो तुम्हांलाच करावा लागेल.

प्रथम कारण पाहा. संगणक-कंपनी परदेशी गिऱ्हाइकाला तासांच्या हिशेबाने बिल लावते. तोच तास न्यूयॉर्कमध्ये विकत घ्यावयाचा तर जो दाम पडतो, त्याचा लहानसा अंश पुण्यात किंवा नागपुरात पडतो. शिवाय न्यूयॉर्क व आपण यांत हिवाळ्यात साडेदहा तासांचे अंतर आहे. तेथील साहेब संध्याकाळी काम धाडतो आणि सकाळी ते तयार होऊन त्याच्या टेबलावर येते. खर्चाची बचत हेच या व्यापाराचे मूळ आहे. आपल्या मुलांची बुद्धी त्यांना नको आहे असे नाही. ती बुद्धी कमी दामात हवी आहे.

आता दुसरी बाजू पाहा. २०१४ च्या अखेरीस अमेरिकेतील ऑर्लँडो येथे डिस्ने कंपनीने आपल्या सुमारे २५० संगणक-कर्मचाऱ्यांना सांगितले की, तुमची नोकरी संपली. पुढील काही आठवडे त्यांनी कोणते काम केले? आपल्या जागी बाहेरील कंपनीमार्फत जे नवे लोक आले होते, त्यांना आपलेच काम शिकविले! त्या नव्या लोकांत पुष्कळ भारतीय होते. बंधूंनो, येथे क्षणभर थांबा. जो शिकवीत होता तो अपात्र होता काय? अपात्र मनुष्य दुसऱ्याला पात्र कसा करील? त्याच्या अंगी गुण होता, अनुभव होता, वर्षांची सेवा होती. त्याचा अपराध एवढाच की, तो महाग होता.

हे उदाहरण मी अमेरिकेच्या कळवळ्याने देत नाही. गेली कित्येक वर्षे आपल्या तोंडावर जो एक शब्द फेकला जात आहे, त्याची किंमत या उदाहरणाने कळते. तो शब्द म्हणजे गुणवत्ता. खाजगी उद्योगांत आमच्या समाजाला प्रतिनिधित्व द्या असे म्हटले की उत्तर मिळते, आमच्याकडे फक्त गुणवत्ता पाहतात. मग गुणवान अमेरिकनाला का काढले? तेथे गुणवत्तेने त्याला का तारले नाही? खर्च वाचतो म्हटल्यावर गुणवत्ता गुंडाळून ठेवता येते आणि न्याय मागितला की तीच गुणवत्ता आडवी येते, हा कोणता तर्क? कायद्याच्या कोर्टात अशा साक्षीदाराला कोणी उभे राहू देणार नाही.

हा तर्क नवाही नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणाई खात्यात मजुरी अधिक होती आणि त्याच खात्याचे दार अस्पृश्यांना बंद होते. कारण काय, तर तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्याला अस्पृश्याचे ओठ लागलेले सवर्ण कामगारांना चालत नसे. कसबाचा प्रश्नच नव्हता. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाड येथे रेल्वेच्या दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी बजाविले की, कामगारांचे शत्रू दोन आहेत, एक ब्राह्मणशाही व दुसरी भांडवलशाही. आज धागा तोंडाने ओढावा लागत नाही. परंतु २००७ साली सुखदेव थोरात व पॉल ॲटवेल यांनी प्रसिद्ध केलेले संशोधन वाचा. खाजगी कंपन्यांना सारख्याच शिक्षणाचे अर्ज धाडले, फरक फक्त आडनावांचा ठेवला. आणि दलित आडनावाच्या अर्जाला मुलाखतीचे बोलावणे येण्याचा संभव उच्चवर्णीय आडनावाच्या मानाने सुमारे दोन तृतीयांशच निघाला. त्या अर्जांत गुणवत्ता सारखी होती. मग एक तृतीयांश कोणी खाल्ली?

इतिहासातील एक योगायोगही ध्यानात ठेवा. बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीचे हक्क केंद्रीय कायद्याने मिळाले ते १९९० साली, म्हणजे नागपूरच्या धर्मांतरानंतर ३४ वर्षांनी. आणि १९९१ साली देशाचे आर्थिक धोरण पालटले. ज्या सरकारी नोकऱ्यांना संविधानाच्या कलम १६(४) चे संरक्षण लागू, त्यांची वाट अरुंद होऊ लागली. ज्या खाजगी नोकऱ्यांना ते लागू नाही, त्यांचा विस्तार झाला. दार उघडले तेव्हा घरातील सामान दुसऱ्या घरी हलविले जात होते! परदेशातून आलेले संगणकाचे काम त्या दुसऱ्या घरी गेले.

कोणी म्हणेल, काम तर आले ना? मग तक्रार कशाची? तक्रार ही की, जे स्वस्ताईसाठी येते ते स्वस्ताईसाठीच जाते. हे समजण्यास नागपूरकराला अमेरिकेस जावयास नको. १८७७ च्या १ जानेवारीस जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. मुंबई सोडून ते येथे का आले? कापूस जवळ होता, कोळसा हाताशी होता, जमीन स्वस्त होती. त्या काळी नागपूर हेच स्वस्त गाव होते. त्या गिरणीच्या भोंग्यावर आपल्या वाडवडिलांच्या पिढ्या उठल्या आणि झोपल्या. पुढे हिशेब जमेनासा झाला तेव्हा मालक बाजूला झाला, राज्याचे महामंडळ आले, आणि २००२ साली तीही गिरणी बंद पडली. मुंबईतही तेच झाले. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यांचे कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणले जाऊ लागले, जेथे ना संघटना होती ना कामाच्या तासांचा धरबंध. कामाला पाय असतात; कामगाराला घर असते. हा भेद मालक कधी विसरत नाही.

संगणकाच्या कामालाही हेच पाय आहेत, फक्त ते अधिक जलद आहेत. २०२५ च्या जुलैत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या देशातील सर्वांत मोठ्या संगणक-कंपनीने आपल्या मनुष्यबळाच्या सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या घरातील माणसे कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत मधल्या व वरच्या श्रेणीचे लोक अधिक. कौशल्याचा मेळ बसत नाही, असे कारण देण्यात आले. त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेने नव्या एच-वन-बी परवान्याच्या अर्जावर १ लाख डॉलर शुल्क बसविले, आणि परदेशी दिलेल्या कामाच्या पैशांवर २५ टक्के कर लावावा असे विधेयक तेथील एका सिनेटरने मांडले. एकीकडे मालकाचा हिशेब, दुसरीकडे परक्या देशाचे राजकारण. आणि मध्ये कर्ज फेडणारा तुमचा मुलगा!

म्हणून अमेरिकन कामगाराची नोकरी गेली यात आनंद मानू नका. तो तुमचा वैरी नाही. काल त्याला महाग म्हणणारा हिशेब उद्या तुम्हांला महाग म्हणेल. आणि कंपनीचे वकीलपत्रही घेऊ नका. सरकारने तिला काय काय दिले ते पाहा. नागपूरच्या मिहानसाठी शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव या गावांच्या जमिनी सार्वजनिक प्रयोजनाच्या नावाने घेतल्या गेल्या. विशेष आर्थिक क्षेत्रात २०२० पूर्वी सुरू झालेल्या उद्योगांना निर्यातीच्या नफ्यावर पहिली ५ वर्षे पूर्ण व पुढील ५ वर्षे निम्मी प्राप्तिकर-सूट देण्यात आली. जमीन जनतेची, सवलत जनतेच्या तिजोरीतील. मग नोकरभरती तेवढी खाजगी कशी? २००६ साली उद्योगपतींच्या संघटनांनी स्वेच्छेने दलितांना संधी देऊ असे सांगितले होते. स्वेच्छा म्हणजे कृपा, आणि कृपेची वसुली कोर्टात होत नाही. जेथे सार्वजनिक जमीन व करसूट आहे तेथे प्रतिनिधित्व कायद्यानेच बंधनकारक झाले पाहिजे, आणि कोणत्या समाजाचे किती लोक घेतले याचे आकडे दरवर्षी प्रसिद्ध झाले पाहिजेत. ही आपली पहिली मागणी.

ती मान्य होईपर्यंत जो कायदा आज आहे तो तरी वापरा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता अमलात आली आहे. मनुष्यबळ कमी करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन कारखाने, खाणी व मळे यांनाच आहे. संगणक-कचेरीला ते पूर्वीही नव्हते. हे दुसरे दार बंद आहे, आणि ते उघडावे ही आपली दुसरी मागणी. परंतु कामगाराच्या व्याख्येत तांत्रिक काम करणारा येतो. पदाचे नाव 'मॅनेजर' आहे म्हणून कोणी व्यवस्थापक होत नाही. हातून प्रत्यक्ष काय काम होते ते कोर्ट पाहते. कामगार ठरलेल्याची सेवा सलग एक वर्ष झाली असेल तर कपातीच्या वेळी एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन, हा त्याचा हक्क आहे. त्याच श्रेणीत जो शेवटी आला तो साधारणपणे आधी जाईल, हाही नियम आहे. जुन्यांना काढून नव्यांना ठेवावयाचे तर कारण लिहून ठेवावे लागते.

हे सर्व चुकविण्याची एक युक्ती आहे. कर्मचाऱ्याला खोलीत बोलावतात आणि सांगतात, "राजीनामा दे, म्हणजे तुझे नाव खराब होणार नाही." बंधूंनो, त्या कागदावर सही करू नका! राजीनामा दिला की कपात झालीच नाही असे धरले जाते. नोटीस गेली, भरपाई गेली, दाद गेली. विचार करण्यास वेळ मागा. सांगितले ते लेखी मागा. नेमणूकपत्र, वेतनचिठ्ठ्या, कामाची प्रशस्ती देणारे निरोप यांच्या प्रती घरी ठेवा. काढून टाकल्यास दोन वर्षांच्या आत न्यायाधिकरणाकडे जाता येते. तो काळ लाजेत दवडू नका. नोकरी गेल्याची लाज जाणाऱ्याला नसावी, काढणाऱ्याला असावी.

आणि एकटे राहू नका. पुण्यातून संगणक-कर्मचाऱ्यांची संघटना २०२५ च्या कपातीविरुद्ध केंद्रीय श्रम मंत्रालयापर्यंत गेली. आम्ही बाबू, आम्हांला युनियन कशाला, असे म्हणणारा मुलगा हे विसरतो की, आठ तासांचा दिवस ही मालकाची देणगी नाही. १९४२ साली श्रममंत्री झालेल्या बाबासाहेबांच्या कारकीर्दीत ४८ तासांचा आठवडा कारखान्यांच्या कायद्यापर्यंत पोहोचला, आणि त्यामागे कामगारांच्या चळवळीचे बळ होते. गळ्यात ओळखपत्र अडकविल्याने मजुरी करणारा मालक होत नाही.

मुलांना संगणक जरूर शिकवा. पण त्याच घरात नेमणूकपत्राच्या अटी वाचावयासही शिकवा. स्वस्त हात म्हणून ज्याला बोलाविले जाते, त्याला अधिक स्वस्त हात सापडताच निरोप दिला जातो. हक्काने जो आत गेला, त्याला निरोप देण्यापूर्वी कारण द्यावे लागते. आपल्याला हे दुसरे दार हवे आहे.