वल्हे हाती कोण देणार?

आमच्या गावाचे नाव बेटेगाव. नावात बेट असले तरी चहूबाजूंना पाणी नाही. आहे ती भाताची खाचरे, नव्या इमारती, तारापूरच्या कारखान्यांत पाळीने जाणारी माणसे आणि बोईसर स्टेशनकडे धावणाऱ्या रिक्षा. बेट बांबूचेही असते, असे सांगून आम्ही पाहुण्यांचे समाधान करतो. समुद्र मात्र खरोखरच फार दूर नाही. बोईसर ओलांडून पश्चिमेला निघाले की मध्ये घाट नाही, डोंगर नाही. तासाभरात नवापूरच्या किनाऱ्यावर पाय भिजवता येतात. तरीही आमच्या वसाहतीतल्या मुलांना विचारा, होडीत कितीजण बसले आहेत? वर्गात एखादाच हात वर होईल, आणि तोही सहलीला गेटवेहून घारापुरीला जाऊन आलेल्याचा.

हे सारे आठवण्याचे कारण शेजारची नववीतली मुलगी. २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस ‘तारिणी’ ही शिडाची नौका पृथ्वीप्रदक्षिणा करून गोव्याला परतली. नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोनच अधिकारी महिला तिच्यावर होत्या. २ ऑक्टोबर २०२४ रोजी निघालेल्या त्या दोघी जवळजवळ आठ महिन्यांनी घरी आल्या. दूरदर्शन संचावर ते दृश्य पाहून ही मुलगी थेट माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘‘काका, अशा बोटीवर जायचं तर अर्ज कुठे करायचा?’’ मी काही बोलण्याआधी तिची आई दारातून म्हणाली, ‘‘आधी पोहायला शीक. मग कर अर्ज.’’

आईचे म्हणणे चूक नव्हते. पण मुलीच्या प्रश्नाला माझ्याजवळ धड उत्तर नव्हते, ही बोच मात्र मनात राहिली.

तिला काय सांगायचे? नौदलाकडे ‘तरंगिणी’ आहे. गोवा शिपयार्डमध्ये बांधलेले हे तीन डोलकाठ्यांचे देखणे जहाज ११ नोव्हेंबर १९९७ रोजी नौदलात आले आणि २००३-०४ मध्ये जगाला वळसा घालून परतले. तिची धाकटी बहीण ‘सुदर्शिनी’ २०१२ पासून सेवेत आहे. पण ही जहाजे नौदलाच्या प्रशिक्षणार्थींसाठी आहेत, आणि ते योग्यच आहे. नौदल निवडणाऱ्याला ती वाट मोकळी आहे. ज्यांना नौदलात जायचे नाही, पुढे जाऊन कुणी परिचारिका होणार, कुणी वायरमन, कुणी शिक्षक, त्यांनी आयुष्यातले पंधरा दिवस शिडाच्या दोरीशी झटावे, अशी सोय कुठे?

युरोपात ही सोय आहे आणि तिचा उगमही विचार करण्याजोगा आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनची व्यापारी जहाजे बुडवली जात होती. लॉरेन्स होल्ट या जहाजमालकाच्या ध्यानात एक विचित्र गोष्ट आली. जीवरक्षक होडीत अंगाने धडधाकट असलेली तरुण पोरे हाय खाऊन मरत आणि शिडाच्या जहाजांवर वाढलेले वयस्क खलाशी मात्र तग धरत, असे त्याचे मत झाले. ताकद होती, पण समुद्राची ओळख नव्हती. त्यातून १९४१ मध्ये कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञाच्या सोबतीने वेल्सच्या किनाऱ्यावर ‘आउटवर्ड बाउंड’ची पहिली शाळा निघाली. पुढे १९५६ मध्ये इंग्लंडातून लिस्बनपर्यंत शिडाच्या जहाजांची शर्यत झाली. त्या परंपरेतल्या आजच्या शर्यतींत अशी अट असते की, जहाजावरचे निदान निम्मे लोक पंधरा ते पंचवीस वयाचे असावेत.

आता खरी गोष्ट पुढे आहे. निम्मे लोक पोरे, मग उरलेले कोण? कप्तान, इंजिनियर असे थोडे पगारी. बाकीचे बरेचसे स्वयंसेवक. कुणी निवृत्त खलाशी, कुणी बँकेतली बाई, कुणी सुतार, तर कुणी दहा वर्षांपूर्वी याच जहाजावर पोरगा म्हणून येऊन गेलेला. ही मंडळी आपली रजा खर्ची घालून येतात. चार-चार तासांच्या पाळ्या लागतात. पहाटे चारला थंडीत उठून मुलांना जागे करायचे, त्यांचे पट्टे नीट बांधले आहेत का ते तपासायचे, गाठ कशी मारायची ते शंभराव्यांदा दाखवायचे, कुणाला लागलीच तर ओकारीची बादली धुवायची. यात छायाचित्र काढण्याजोगे फार थोडे असते. पण त्या माणसांखेरीज ते जहाज धक्क्यावरून हलणार नाही.

मला हे पुस्तकातून कळलेले नाही, म्हणून थोडे स्वतःविषयी. कॉलेजात असताना मी एन.सी.सी.च्या नौदल विभागात होतो. मुंबई बंदरात सत्तावीस फुटी व्हेलर होडी वल्हवायला आम्हाला नेत. शिकवायला एक निवृत्त नौसैनिक येत, रविवारची झोप मोडून. पहिल्याच दिवशी माझे पोट ढवळले. त्यांनी पाठीवरून हात फिरवला नाही की घरी पाठवले नाही. एवढेच म्हणाले, ‘‘वाऱ्याकडे तोंड करून ओकू नकोस, आधी वारा कुठून येतो ते बघ.’’ आणि पाच मिनिटांनी सुकाणू माझ्या हाती दिले. भूगोलाच्या पेपरात मतलई आणि खारे वारे यांतला फरक लिहून मी पुरे गुण मिळवले होते. वारा कुठून येतो, हे मात्र मला त्या दिवशी कळले. त्या गृहस्थांना याचे काय मिळत होते? आमच्या पैशांतून आलेला एक चहा.

तेव्हा माझा मुद्दा असा की, प्रश्न जहाजाचा नाही; शिकवायला येणाऱ्या माणसाचा आहे. आणि हे आपल्याकडे घडू शकते याचा दाखला आपल्याच माणसांनी घालून दिलेला आहे. व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी १९८३ मध्ये निवृत्त झाले. १९७१ च्या युद्धात वीरचक्र मिळवलेला हा दर्यावर्दी राहायला गेला कुठे, तर फलटणजवळच्या विंचुर्णीला, समुद्राचा वासही न येणाऱ्या माळावर. तिथे बसून त्यांनी ध्यास घेतला की, एखाद्या भारतीयाने शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी ‘म्हादेई’ बांधली आणि २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी ती प्रदक्षिणा पुरी केली. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी कुठेही न थांबता जाऊन आले. पुढे दोंदे यांनी ‘तारिणी’च्या पहिल्या सहाजणींना तयार केले, आणि त्या २०१७-१८ मध्ये जग हिंडून आल्या. दिलना आणि रूपा यांना शिकवायला टॉमी उभे राहिले. साखळी पाहा. जो जाऊन आला, त्याने पुढच्याचा हात धरला. आवटी २०१८ मध्ये गेले; साखळी तुटली नाही.

मुंबईत कुलाब्याला ‘सी कॅडेट कोअर’ ही संस्था आहे. शाळकरी मुलामुलींना कवायत, दोरकाम, होड्या शिकवते, आणि शिकवणारे पुष्कळसे तिचेच जुने विद्यार्थी. कुलाब्याच्या मुलाला जे मिळते ते बोईसरच्या मुलाला का मिळू नये?

इथे आमच्या भागातले कुणीही मला थांबवील आणि एकच शब्द उच्चारील: डहाणू. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या समुद्रात सहलीला निघालेली विद्यार्थ्यांची बोट उलटली आणि तीन मुली गेल्या. सुमारे चाळीस मुले त्या बोटीवर होती. इतरांना वाचवायला मच्छिमार बांधव आणि तटरक्षक दल धावले. त्यानंतर पालघर जिल्ह्यातल्या कोणत्या आईबापाने मुलाला बिनघोर होडीत बसू द्यावे? शेजारच्या वहिनींनी ‘आधी पोहायला शीक’ म्हटले, त्या वाक्याच्या पाठीमागे ती दुपार उभी होती, हे मला ठाऊक आहे.

मी त्या भीतीला हसणार नाही. पण तिच्यातून निघालेला निष्कर्ष मला मान्य नाही. मुलांना समुद्रापासून दूर ठेवले म्हणजे ती सुरक्षित राहतात, असे नाही. ती फक्त अडाणी राहतात. मग कधीतरी मित्रांबरोबर किनाऱ्यावर जातात, ओहोटीच्या वेळी पाणी ओढते हे त्यांना माहीत नसते, होडीत सगळ्यांनी एका अंगाला जायचे नसते हेही नसते. ज्या मुलाने शिस्तीने होडी वल्हवली आहे, ते जाकीट घातल्याशिवाय पाय आत टाकणार नाही, आणि दुसऱ्यालाही टाकू देणार नाही. डहाणूच्या त्या मुलींची आठवण ठेवायची तर बंदी घालून नव्हे, शिकवून ठेवायला हवी.

हौशी स्वयंसेवकाबद्दलही एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. पाण्यावर नुसता उत्साह हा धोका असतो. सणावाराला पताका लावायला कार्यकर्ता चालतो, होडीवर नाही. आधी स्वतः शिकायचे, परीक्षा द्यायची, प्रथमोपचार यायला हवेत, आणि हवा बिघडली तर ‘आज जायचे नाही’ असे चाळीस रुसलेल्या चेहऱ्यांना सांगण्याची धमक हवी. हे ज्याला जमणार नाही त्याने किनाऱ्यावर उभे राहून डबे सांभाळावेत. तेही काम आहेच.

दुसरा आक्षेप सातपाटीच्या एका तांडेलाने माझ्यापाशी घेतला. ते म्हणाले, ‘‘मास्तर, आम्ही शिडं सोडून इंजिनं घेतली ती सुखासाठी. आता तुम्ही पोरांना परत शीड ओढायला लावणार?’’ मी मास्तर नाही. पण जो उपदेश करतो त्याला आमच्याकडे मास्तर म्हणतात. त्यांना मी सांगितले ते असे: इंजिन एका हाताने चालते, शिडाला दहा हात लागतात. कमी माणसांत चालणारी बोट धंद्याला परवडते. जिला माणसे जास्त लागतात, ती शिकवायला बरी. त्या दहा हातांत कुणाची आडनावे काय आहेत, कुणाचा बाप कारखान्यात साहेब आहे आणि कुणाचा रोजंदारीवर, हे दोरीला कळत नाही.

त्यावर तांडेलांनी जे विचारले, त्याने मात्र मी निरुत्तर झालो. ‘‘आणि आम्ही फुकट शिकवायचं?’’ खरे आहे. निवृत्तिवेतन खिशात असलेल्या माझ्यासारख्याने स्वयंसेवा करणे वेगळे आणि ज्याचा एक दिवस बुडाला तर चूल थंड राहते त्याला स्वयंसेवेचे आवाहन करणे वेगळे. याच जिल्ह्यातले कितीतरी आदिवासी तरुण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. काहीजण सागरी हद्दीच्या भानगडीत पाकिस्तानच्या तुरुंगात खितपत पडले. समुद्र त्यांच्यासाठी साहस नाही, पोट आहे. म्हणून माझे म्हणणे असे की, कोळीवाड्यातला किंवा पाड्यावरचा जो जाणकार शिकवायला येईल त्याला पुरा दिवसाचा रोज मिळालाच पाहिजे, आणि तो मदतनीस म्हणून नव्हे, गुरुजी म्हणून यावा. फुकट राबायचे ते आम्ही पेन्शनवाल्यांनी.

जहाज बांधा असे मी म्हणत नाही. सातपाटी-मुरबे खाडीत दोन वल्ह्यांच्या होड्या ठेवल्या तरी पुष्कळ. पावसाळा टाळून डिसेंबर ते मार्च, दर रविवारी, भरतीची वेळ पाहून. खाडीच्या मुखाबाहेर जायचे नाही. मोजकी मुले, प्रत्येकाला जाकीट, सोबत एक इंजिनाची बोट. मेरीटाइम बोर्डाची परवानगी, पोलिसांना आणि डहाणूच्या तटरक्षक ठाण्याला आधी खबर. पहिल्या फेरीला आईबापांनी बरोबर बसावे. दोन-चार वर्षांनी यातली मुले धाकट्यांना शिकवू लागली, की शिडाचा विचार करू.

घाई का, असे कुणी विचारील. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. त्यावरून आमच्या किनाऱ्यावर दोन तट पडले आहेत. कुणाला नोकऱ्या दिसतात, कुणाला मासळीची राखरांगोळी. तो वाद इथे सोडवण्याचा माझा अधिकार नाही. पण दोन्ही बाजूंच्या सभा ऐकताना एक गोष्ट जाणवते. आम्ही आतल्या गावांतली माणसे समुद्राबद्दल मत देतो ते त्याला न ओळखता. बंदर हवे म्हणणाऱ्या मुलाने उधाण पाहिलेले नाही, नको म्हणणाऱ्याने जाळे ओढलेले नाही. पाण्यावर चार रविवार काढलेला मुलगा ज्या बाजूला जाईल, ती निदान बघून जाईल.

शेजारच्या मुलीला मी अजून अर्जाचा पत्ता दिलेला नाही. तिच्या आईशी मात्र बोललो. पोहण्याचा वर्ग लावायचे ठरले आहे. एकटीचा नाही, मायलेकी दोघींचा. आणि सातपाटीचे तांडेल ‘बघू’ म्हणाले आहेत. कोळीवाड्यात ‘बघू’चा अर्थ काय होतो, ते नारळी पौर्णिमेनंतर कळेल. तोवर मी जुन्या गाठी पुन्हा मारून पाहतो आहे. बोटे विसरली आहेत, पण अगदीच नाही.